ट्यूना सॅलड पाणचट का होतं, कोरडं का पडतं

ट्यूना सॅलडच्या पाककृती ढिगाने सापडतात आणि बहुतेक एकसारख्याच असतात: डबा उघडा, मेयोनीज घाला, कांदा घाला, ढवळा. तरीही एकाचं सॅलड सँडविचमध्ये नीट बसतं आणि दुसऱ्याचं तासाभरात पावाचा लगदा करतं. तिसऱ्याचं इतकं कोरडं, की प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो. साहित्य तेच, प्रमाणही जवळपास तेच. फरक पडतो तो पाण्याने. डब्यात ओतलेलं पाणी, भाज्यांमधलं पाणी, मेयोनीजच्या आत दडलेलं पाणी आणि माशातून कधीच निघून गेलेलं पाणी. या चार पाण्यांचा हिशोब एकदा कळला की कुठली पाककृती जमेल आणि कुठली फसेल, हे वाचतानाच ओळखता येतं.

डब्यातला मासा

डब्यातला ट्यूना सहसा एकदा नव्हे, दोनदा शिजलेला असतो. कारखान्यात मासा आधी वाफवतात, गार करतात, मग कातडी, काटे आणि गडद रंगाचं मांस काढून टाकतात. उरलेला फिका भाग डब्यात भरून वर पाणी, मिठाचं पाणी किंवा तेल घालतात, डबा सीलबंद करतात आणि दाबाखाली ११५ ते १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवतात. ही दुसरी उष्णता जंतू मारण्यासाठी असते, तिच्यामुळेच डबा वर्षानुवर्षं फ्रिजबाहेर टिकतो. पण मांसावर व्हायचा तो परिणाम होतोच. तंतू आकसतात, अंगचा रस बाहेर टाकतात आणि त्यांना धरून ठेवणारं कोलॅजन विरघळतं. म्हणून काट्याने नुसतं टोचलं तरी पापुद्रे सुटतात. डब्यात तो पाण्यात बुडालेला दिसतो, पण बाहेरून ओला आणि आतून कोरडा, अशी त्याची अवस्था असते.

आधी वाफवण्याच्या पद्धतीमागे चवीचंही कारण आहे. १९०३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोत सार्डिनचा तुटवडा पडला, तेव्हा आल्बर्ट हाफहिल यांच्या कारखान्याने अल्बाकोर जातीचा ट्यूना डब्यात भरून पाहिला. वाफवल्यावर मांस पांढरं आणि सौम्य होतं, चवीला कोंबडीच्या जवळ जातं, हे कळलं आणि माल खपू लागला. सॅलडही मग चिकन सॅलडच्याच वाटेने गेलं: तेच मेयोनीज, तीच सेलरी.

आज डब्यात प्रामुख्याने तीन जाती मिळतात. अल्बाकोर पांढरट, घट्ट आणि सौम्य. स्किपजॅक थोडा गडद, मऊ आणि चवीला तीव्र. जगभरात पकडल्या जाणाऱ्या ट्यूनापैकी निम्म्याहून जास्त स्किपजॅकच असतो. यलोफिन या दोघांच्या मधला. अमेरिकेत डब्यावर ‘व्हाइट’ लिहिलं असेल तर आत अल्बाकोरच असावा लागतो, ‘लाइट’ असेल तर बहुधा स्किपजॅक. सॅलडसाठी अमुकच जात हवी असं काही नाही. मोठे तुकडे दिसायला हवेत तिथे अल्बाकोर आणि मेयोनीजमध्ये मिसळायचंच आहे तिथे स्किपजॅक, एवढं धोरण पुरेसं आहे. ‘फ्लेक्स’ म्हणून मिळणारा बारीक चुरा मात्र मी टाळते. त्याचं निथळणं कधी पुरं होत नाही आणि ढवळताच त्याची पेस्ट होते.

तेलातला की पाण्यातला? मेयोनीज घालणार असाल तर पाण्यातला, नसाल तर तेलातला. मेयोनीज म्हणजे बहुतांशी तेलच, त्यावर आणखी तेल घातलं की सॅलड जड आणि तुपकट लागतं. उलट मेयोनीज नसलेल्या सॅलडमध्ये डब्यातलं ऑलिव्ह तेल हेच ड्रेसिंग असतं. महिनोन्महिने माशाबरोबर राहून त्याला चव आलेली असते, ते ओतून देणं म्हणजे निव्वळ नासाडी. एक बारीक मुद्दा आहे: माशाची स्वतःची चरबी डब्यातल्या तेलात मिसळते, पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे तेल ओतून टाकलं तर थोडं ओमेगा-३ त्याबरोबर जातं.

कधी कधी माशाच्या तुकड्यांत काचेसारखे चकचकीत, टोकदार खडे सापडतात आणि माणूस हादरतो. बहुतेक वेळा ती काच नसते. स्ट्रुवाइट नावाचे स्फटिक असतात ते, माशातल्याच मॅग्नेशियम आणि फॉस्फेटपासून डब्यात तयार झालेले, निरुपद्रवी. खडा व्हिनेगरमध्ये टाकून काही मिनिटं हलकं गरम करावं. विरघळू लागला तर स्ट्रुवाइट. जसाच्या तसा राहिला तर डबा खाऊ नये आणि कंपनीला कळवावं.

निथळणं, म्हणजे खरोखर निथळणं

बहुतेक जण डब्याचं झाकण अर्धवट दाबून पाणी ओततात आणि काम झालं असं समजतात. त्याने निघतं ते फक्त मोकळं पाणी. पापुद्र्यांच्या मधलं तसंच राहतं.

ट्यूना बारीक जाळीच्या गाळणीत काढावा, काट्याने सैल करावा आणि चमच्याच्या पाठीने दाबावा. सुरुवातीला धार लागते, मग थेंब पडतात, मग थेंबही थांबतात. आता एक चिमूट उचलून बोटांत चोळून पाहावी. पापुद्रे वेगळे राहायला हवेत आणि बोटं नुसती ओलसर व्हायला हवीत, ओली नाहीत. पापुद्रे चुरून भुगा होऊ लागला तर दाब जास्त झाला. या दोन्हींच्या मधली जागा हाताला लवकर कळते. पाण्यातल्या ट्यूनासाठी ही मेहनत घ्यायचीच. तेलातल्याला दाबायची गरज नाही, गाळणीत पाच मिनिटं ठेवलं तरी पुरतं.

एवढं पिळल्यावर हाती येतात ते तहानलेले तंतू. समोर येईल ते शोषून घ्यायला ते तयार असतात, म्हणून त्यांना आधी काय द्यायचं हे आपण ठरवावं. मेयोनीजच्या आधी लिंबाचा रस, किंचित ऑलिव्ह तेल आणि मिरपूड चोळून दहा मिनिटं ठेवलं तर चव तंतूंच्या आत जाते. थेट मेयोनीज घातलं की ते बाहेरून लेप देतं आणि आत मासा आळणीच राहतो. कितीही मेयोनीज घातलं तरी काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं ते यामुळेच, आणि मग हात आणखी मेयोनीजकडे जातो.

लिंबाचं दुसरंही काम आहे. माशाचा जो वास नकोसा वाटतो त्याला मुख्यतः अमाइन गटातली संयुगं कारणीभूत असतात. ती आम्लारीच्या स्वभावाची. आम्ल मिळालं की त्यांचं असं रूप होतं जे हवेत उडत नाही, त्यामुळे नाकापर्यंत पोहोचतही नाही. वास झाकला जात नाही, उठणंच कमी होतं. व्हिनेगर, गर्किन (लोणच्यातली छोटी काकडी) किंवा केपर्स (खारवलेल्या आंबटसर कळ्या) घातले तरी हेच घडतं.

मेयोनीजचं वागणं

मेयोनीज म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब थोड्याशा पाण्यात तरंगत ठेवलेले. तेल आणि पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत, इथे त्यांना अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं जमवून ठेवतात. अमेरिकी नियमांनुसार मेयोनीज म्हणवून घ्यायला त्यात किमान ६५ टक्के वनस्पती तेल लागतं. बाजारातल्या बऱ्याच नेहमीच्या मेयोनीजमध्ये ते ७५ टक्क्यांच्या पुढे असतं. थेंब इतके दाटीवाटीने बसलेले असतात की त्यांना हलायला जागा नसते. त्या गर्दीमुळेच मेयोनीज घट्ट दिसतं.

आता त्यात दोन चमचे पाणी गेलं तर? थेंबांना मोकळी जागा मिळते, ते एकमेकांवरून घसरू लागतात आणि घट्ट मेयोनीजचं पांढरं पाणी होतं. नीट न निथळलेला ट्यूना नेमकं हेच करतो. मग घट्टपणा आणायला आणखी मेयोनीज घातलं जातं आणि सॅलड एकाच वेळी पाणचट आणि तुपकट होतं. ‘लाइट’ मेयोनीजमध्ये तेलाची जागा पाणी आणि स्टार्चने घेतलेली असते, त्यामुळे तिथे आणखी जपून.

घरी मेयोनीज करणार असाल तर अंडं कच्चं राहतं आणि साल्मोनेला या जंतूची शक्यता उरते. पाश्चराइझ केलेलं अंडं मिळत असेल तर तेच वापरावं. गर्भवती, लहान मुलं आणि वृद्ध खाणार असतील तर यात तडजोड नको.

भाज्या

सॅलडमध्ये काहीतरी कुरकुरीत हवं, नाहीतर सगळे घास एकाच पोताचे लागतात. सेलरी त्यासाठी इतकी सरावाची झाली आहे की ती का निवडली असेल हे कुणी विचारत नाही. कारण साधं आहे: तिचा कुरकुरीतपणा टिकतो आणि चिरल्यावर ती पटकन पाणी सोडत नाही. काकडी आणि टोमॅटो याच्या बरोबर उलट. मिठाचा स्पर्श झाला की भाजीच्या पेशींमधलं पाणी मिठाच्या दिशेने बाहेर येतं, आणि मीठ तर ट्यूनातही आहे, मेयोनीजमध्येही. काकडी घालायचीच असेल तर बिया काढून, चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवावी आणि पिळून मगच घालावी. टोमॅटो आत मिसळू नये, वर किंवा बाजूला ठेवावा.

कांद्याचा प्रश्न वेगळा. कच्चा कांदा चिरला की त्यात जी गंधकयुक्त संयुगं तयार होतात ती सॅलडमध्ये मुरत जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे कांदाच कांदा. बारीक चिरून गार पाण्यात दहा मिनिटं भिजवला तर बराचसा झोंबरेपणा पाण्याबरोबर निघून जातो. मग फडक्यात घट्ट पिळायचा, नाहीतर एवढं निथळलेलं सगळं वाया. ताबडतोब खायचं असेल तर पातीचा कांदा बरा.

मूळ सॅलड

दोन डबे, म्हणजे निथळून साधारण २२० ग्रॅम ट्यूना. बऱ्याच डब्यांवर निथळलेलं वजन वेगळं छापलेलं असतं, ते पाहावं. त्याला दोन लहान चमचे लिंबाचा रस, एक लहान चमचा ऑलिव्ह तेल आणि मिरपूड चोळून दहा मिनिटं ठेवा. मग चार मोठे चमचे मेयोनीज, एक लहान चमचा डिजाँ मस्टर्ड, बारीक चिरलेला सेलरीचा एक दांडा, भिजवून पिळलेला दोन मोठे चमचे कांदा, एक मोठा चमचा बारीक चिरलेलं गर्किन आणि थोडी पार्स्ली. मेयोनीज एकदम घालू नये. आधी तीन चमचे घालून मिसळावं, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं आणि मग चव पाहावी. या अर्ध्या तासात तंतू मेयोनीजमधला थोडा ओलावा ओढून घेतात आणि सॅलड आवळतं. चौथा चमचा लागतो की नाही हे तेव्हाच कळतं. मीठही तेव्हाच, कारण डबा, मेयोनीज, मस्टर्ड आणि गर्किन या चारही वाटांनी ते आधीच आलेलं असतं.

ढवळताना काटा वापरावा, चमचा नको. मासा उलटून पालटून घ्यायचा, घोटायचा नाही.

सँडविच डब्यात न्यायचं असेल तर पावाला आतून लोण्याचा पातळ थर द्यावा किंवा लेट्यूसचं कोरडं पान लावावं. चरबीतून पाणी सहज जात नाही, पाव तासन्‌तास तग धरतो.

बदल करायचे तर

मेयोनीजऐवजी ग्रीक योगर्ट हा सगळ्यांच्या तोंडी असलेला पर्याय. चव ताजी येते, उष्मांक कमी होतात, पण दह्यात बहुतांशी पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते सुटतं. सगळं मेयोनीज काढून टाकण्यापेक्षा निम्मं निम्मं केलेलं मला जास्त पटतं. तेलाचे थेंब पोत सांभाळतात, दही हलकेपणा देतं. नुसतं दही घालायचं तर ते फडक्यात बांधून पाणी काढून घ्यावं आणि सॅलड त्याच दिवशी संपवावं. अव्होकाडो कुस्करून घातला तर घट्टपणाची चिंता नाही, काळवंडण्याची आहे. लिंबाने ती लांबते, टळत नाही.

मेयोनीजच्या पलीकडे गेलं की ट्यूना सॅलडची खरी श्रीमंती दिसते. इटलीतलं पांढऱ्या बीन्सचं सॅलड घ्या: तेलातला ट्यूना, शिजवलेले मऊ पांढरे बीन्स, पातळ चिरलेला लाल कांदा, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर किंवा लिंबू, मिरपूड. बस. इथे पाण्याचा प्रश्न बीन्स सोडवतात. त्यांच्या पिठूळ गरात तेल आणि आंबट रस दोन्ही मुरतात, तळाशी काही साचत नाही. बीन्स कोमट असतानाच तेल आणि व्हिनेगर घालावं, गार झाल्यावर ते तितकं आत घेत नाहीत. ट्यूना मात्र शेवटी, मोठ्या तुकड्यांत, एकदाच हलवून. हे सॅलड करून ठेवलं तर बिघडत नाही, तासाभराने अधिक चांगलं लागतं. मेयोनीजवाल्या सॅलडपेक्षा मी याच्या बाजूने आहे, हे लपवत नाही.

फ्रान्समधल्या नीस शहराचं सॅलड निस्वाज म्हणजे भांडणाचा विषय. टोमॅटो, उकडलेली अंडी, ऑलिव्ह, अँचोव्ही, ट्यूना, ऑलिव्ह तेल यांवर फारसा वाद नाही. वाद आहे तो उकडलेल्या बटाट्यांवर आणि फरसबीवर. १९६६ ते १९९० या काळात नीसचे महापौर असलेले झाक मेदसँ यांचा आग्रह होता की अंड्याशिवाय यात काहीही शिजवलेलं नको, भाज्या कच्च्याच हव्यात. त्यांची राजकीय कारकीर्द पुढे भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत बुडाली, सॅलडबद्दलचं मत मात्र अजून उद्धृत होतं. नीसबाहेरच्या रेस्टॉरंटांत बटाटे आणि फरसबी बिनदिक्कत येतात आणि पोट भरायचं असेल तर ते चांगलंच आहे. कुठलीही बाजू घेतली तरी एक पथ्य पाळायचं: सगळं एकत्र कालवायचं नाही. ताटात रचायचं आणि तेल अगदी वाढताना ओतायचं, म्हणजे टोमॅटोचं पाणी टोमॅटोपाशीच राहतं.

जपानमध्ये ट्यूना मेयो, म्हणजे मेयोनीजमध्ये कालवलेला ट्यूना, ओनिगिरीत, म्हणजे दाबून केलेल्या भाताच्या गोळ्यांत भरतात. सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीने तिथे हा प्रकार १९८३ मध्ये विकायला आणला. क्यूपीसारख्या ब्रँडचं जपानी मेयोनीज नुसत्या बलकाचं असतं, चवीला जास्त भरीव. तिथे भाज्या जवळजवळ नसतात, सोया सॉसचे दोन थेंब आणि मासा अगदी कोरडा पिळलेला. ओलं सारण भात फोडून बाहेर येतं.

पास्ता सॅलडमध्ये गंमत उलटी होते. पास्ता गार होताना घट्ट होतो आणि ड्रेसिंग पीत राहतो, म्हणून तो नेहमीपेक्षा जरा मऊ शिजवावा आणि थोडं ड्रेसिंग वाढायच्या वेळेसाठी राखून ठेवावं. ट्यूना मेल्टसाठी पाव आधी भाजून घ्यावा, मेयोनीज कमी करावं आणि वर चीज घालून ते वितळेपर्यंतच तापवावं. मासे न खाणाऱ्यांसाठी काबुली चणे काट्याने जाडसर कुस्करून त्यात केपर्स आणि चुरलेलं नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) घालतात. ट्यूना नसला तरी समुद्राची चव येते.

किती टिकतं, किती खावं

फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली तीन ते चार दिवस. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. बिघडलं की दोष मेयोनीजला देण्याची पद्धत आहे, पण बाजारातलं मेयोनीज चांगलंच आम्लधर्मी असतं आणि जंतूंना ते मानवत नाही. नाजूक असतो तो मासाच. ट्यूनात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. तो उबेत राहिला तर जंतू त्यापासून हिस्टामाइन बनवतात. मग खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ उठतं. हिस्टामाइन एकदा तयार झालं की गरम करून जात नाही, त्यामुळे बाहेर राहिलेल्या सॅलडचं ट्यूना मेल्ट करणं हा उपाय नव्हे. जीभ मिरीसारखी चुरचुरली तर घास टाकून द्यावा. उघडलेल्या डब्यात उरलेला ट्यूना डब्यातच न ठेवता झाकणाच्या काचेच्या भांड्यात काढावा. मेयोनीजचं सॅलड फ्रीझरमध्ये ठेवू नये. बर्फ होताना थेंबांची घडी मोडते आणि वितळल्यावर तेल एकीकडे, पाणी एकीकडे.

राहिला पारा. मासा जितका मोठा आणि दीर्घायुषी, तितका तो जास्त साठलेला. अल्बाकोरमध्ये स्किपजॅकच्या साधारण तिप्पट असतो. तो स्नायूंच्या प्रथिनांना चिकटलेला असल्याने निथळून किंवा शिजवून निघत नाही. अमेरिकेच्या एफडीए (अन्न आणि औषध) आणि ईपीए (पर्यावरण) या सरकारी संस्थांचा गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी सल्ला असा: ‘लाइट’ ट्यूनासारखे कमी पाऱ्याचे मासे आठवड्यात दोन ते तीन वेळा चालतील, अल्बाकोर खाल्ला तर एकदाच आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको. एक वेळ म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. लहान मुलांचा वाटा वयानुसार याहून बराच लहान, त्यांच्यासाठी ‘लाइट’च घ्यावा. बिगआय ट्यूना या दोन्ही गटांसाठी वर्ज्य आहे.